पॉइंटच्या आधीची वाट

दिवाळी आटोपते, भात घरात येते आणि बांदा-दाणोली रस्त्यावरून आंबोलीकडे जाणाऱ्या गाड्या वाढू लागतात. पावसाळ्यातली गर्दी धबधब्यासाठी असते, ही वेगळी. पावसाने धुतलेली हवा अजून धुरकट झालेली नसते, त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात घाटमाथ्यावरून खालचे कोकण जितके स्वच्छ दिसते तितके एरवी दिसत नाही. कुठे निघालात असे विचारले तर माणसे म्हणतात, ‘पॉइंट बघायला.’ महादेवगड पॉइंट, कावळेसाद पॉइंट, परीक्षित पॉइंट, शिरगावकर पॉइंट, सनसेट पॉइंट. गाडी उभी करायची, थोडी पावले चालायची, कठड्याला टेकून खाली पाहायचे, फोटो काढायचा आणि पुढच्या पॉइंटला निघायचे. यात काही वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. मीही हे अनेकदा केले आहे. फक्त मी बांद्याचा. म्हणजे त्या फोटोत खाली जो निळसर-हिरवा पट्टा येतो, त्यात राहणारा. त्यामुळे त्या कठड्यापाशी उभे राहिले की आपण आपल्याच घराकडे परक्यासारखे पाहत आहोत असे मला दर वेळी वाटते.

हा लेख लिहावासा वाटला तो मात्र एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या बोलण्यामुळे. शिरशिंग्याच्या बाजूच्या एका वाडीत मी जुन्या वाटांची नावे विचारत फिरत होतो. गृहस्थ ऐंशीच्या पुढचे. बोलता बोलता मी त्यांना विचारले, तरुणपणी वरच्या कड्यावरून कोकण बघायला जायचात का? ते हसले आणि म्हणाले, “आमी पॉइंट बगूक कधी गेलंव नाय रे. आमी घाटार गेलंव.”

मी ते वहीत उतरवून घेतले, पण त्याचा अर्थ घरी आल्यावर हळूहळू उलगडत गेला. ‘पॉइंट बघणे’ आणि ‘घाटावर जाणे’ या एकाच डोंगराशी माणसाने जोडलेल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत पहिलीने दुसरी जवळजवळ पुसून टाकली आहे.

*

आधी ‘घाट’ या शब्दाकडेच पाहू. नदीचा घाट म्हणजे पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या, डोंगराचा घाट म्हणजे चढण्या-उतरण्याची वाट. दोन्हींत पाऊल ठेवण्याची जागा हा अर्थ मुळाशी आहे. कोकणी माणसाच्या बोलण्यात त्याचा आणखी विस्तार झाला. ‘घाटावर’ म्हणजे त्या वाटेच्या वरच्या टोकाला असलेला सगळा मुलूख: चंदगड, आजरा, गडहिंग्लज, बेळगाव, आणि त्यापलीकडे जे काही असेल ते. तिथला माणूस तो ‘घाटी’. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज लेखकांनी इथल्या लोकांच्या तोंडून हा शब्द उचलला आणि अख्ख्या पर्वतरांगेला लावला. इंग्रजांनी तोच पुढे चालवला. आज जगभरच्या नकाशांवर ‘वेस्टर्न घाट्स’ असे नाव छापलेले असते, त्याचा शब्दशः अर्थ ‘पश्चिमेकडच्या वाटा’ असा होतो. सह्याद्री हे नाव पोथीतले आणि पुस्तकातले. आमच्या वाडीवस्तीवर मी ते सहज बोलण्यात क्वचितच ऐकले आहे. एवढ्या मोठ्या पर्वताची जगाला झालेली ओळख त्याच्या शिखरांवरून नव्हे, त्यावर चढणाऱ्या पायवाटांवरून झाली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

या वाटा होत्याही तशाच मोलाच्या. आमच्या टापूत उत्तरेकडून दक्षिणेकडे यायचे तर फोंडा घाट, हणमंत घाट, पारपोली घाट, राम घाट ही ठळक नावे. त्यांच्या मधे गावागावाने आपापल्यापुरत्या ठेवलेल्या कितीतरी. खाली बंदरे होती. बांदा हे आज महामार्गावरचे गाव वाटते, पण सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्त बार्बोझा या पोर्तुगीजाने किनाऱ्यावरच्या व्यापारी ठिकाणांत त्याची नोंद केली आहे. तेरेखोलच्या खाडीतून गलबते आत येत. आदिलशाही काळातला रेडे घुमट अजून गावात उभा आहे. वेंगुर्ल्याला १६३७ मध्ये डचांनी वखार घातली. या बंदरांचा माल घाटाशिवाय कुठे जाणार? मीठ, नारळ, सुकी मासळी वर जाई. मिरची, गूळ, डाळी, कापड खाली येई. मोठा व्यापार लमाणांच्या बैलतांड्यांचा, लहान व्यापार माणसांच्या डोक्यावरचा. शिरोड्याचे मिठागर १९३० च्या सत्याग्रहामुळे इतिहासात गेले, पण त्या मिठाची गोणी डोक्यावर घेऊन घाट चढलेल्या बायाबापड्यांचा इतिहास कुणी लिहिला नाही.

पायवाट कुठून जाते यातही एक शास्त्र आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचे लक्षात येणार नाही. ओझे घेतलेल्या माणसाला लांबचा सोपा चढ परवडत नाही आणि जवळचा उभा चढही झेपत नाही. म्हणून वाट बहुधा डोंगराच्या सोंडेवरून जाते. सोंडेवर पाणी साठत नाही, दरड कोसळण्याची भीती कमी, दोन्ही बाजूंना नजर राहते. जिथे सोंड कड्याला थडकते तिथे शेवटचा टप्पा नाळेतून, म्हणजे कड्याच्या चिरेतून. नाळ जवळची पण उन्हाळी. पावसात तिचा ओढा होतो. चढ सुरू होण्याआधी पाणी, मध्यावर पाणी, माथ्यावर पाणी, हे बघूनच वाट ठरते. जिथे दम लागतो तिथे खांद्याच्या उंचीचा दगड हवा, म्हणजे दुसऱ्याच्या मदतीशिवाय डोक्यावरचे ओझे त्यावर सरकवता येते. जुनी वाट ओळखायची असेल तर रानात असा सोयीच्या उंचीचा, वरून गुळगुळीत झालेला दगड शोधावा. दुसरी खूण आंब्या-फणसांची. घनदाट रानात एका ओळीत रायवळ आंबे दिसले तर समजावे की खाली वाट होती. चोखून टाकलेल्या बाठ्यांची ती झाडे. तिसरी खूण वाटेवरच्या देवाची. बिनचेहऱ्याचा दगड, आणि जाता-येता प्रत्येकाने टाकलेल्या डहाळ्यांचा ढीग. वाट बंद पडली की ढीग कुजतो, दगड उरतो.

*

आता ‘पॉइंट’कडे येऊ. त्यासाठी डोंगर कसा झाला हे थोडे सांगायला हवे.

सह्याद्री खालून पाहिला तर भिंत दिसतो. वरून, म्हणजे बेळगावकडून किंवा आजऱ्याकडून आलात तर डोंगर असा लागतच नाही. सपाट, थोडी चढउताराची जमीन चालत येते आणि एकाएकी संपते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. त्याच काळात भारताचा भूखंड सेशेल्सच्या तुकड्यापासून फाटला आणि पश्चिमेला समुद्र आला. त्या फाटलेल्या कडेला तेव्हापासून नद्या आणि पाऊस पूर्वेकडे कुरतडत आले आहेत. आज आपण पाहतो तो कडा हा मागे सरकत आलेला काठ आहे, आणि कोकण म्हणजे त्याने सोडून दिलेली जमीन. आंबोलीच्या थोडे दक्षिणेला हा काळा पाषाण संपत जातो आणि खालचे फार जुने खडक उघडे पडतात. माथ्यावर जांभ्याची टोपी आहे, तो आमचा सडा.

या काठाचा चमत्कार पाण्यात दिसतो. आंबोलीत हिरण्यकेशी एका गुहेतून उगम पावते. तिथून कडा, म्हणजे कोकणाचा काठ, फार लांब नाही. तरीही हिरण्यकेशी तिकडे पाहतसुद्धा नाही. ती पूर्वेला जाते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि शेवटी पाणी बंगालच्या उपसागराला. याच रांगेतल्या मनोहरगडाच्या डोंगरात उगम पावणारी आमची तेरेखोल मात्र बांद्यावरून जाऊन अरबी समुद्र गाठते.

वारा आणि पाऊसही या काठावर अडतात. किनाऱ्यावर वेंगुर्ल्याला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आंबोलीत साधारण सात हजार, आणि पलीकडे बेळगावात जेमतेम तेराशे. समुद्रावरून आलेला वारा भिंतीवर आदळून वर चढतो, थंड होतो आणि सगळे ओझे माथ्यावरच टाकतो. घाट चढून आलेल्या माणसासारखेच. कावळेसादला पावसाळ्यात धबधब्याचे पाणी उलटे वर उडते ते याच वाऱ्याने.

म्हणजे ‘पॉइंट’चा अनुभव हा या काठाचा आणि तोही वरून येणाऱ्याचा अनुभव आहे. सपाट रस्त्याने गाडी किंवा घोडा कड्यापर्यंत आणता आला तरच तो मिळतो. खालून ओझे घेऊन चढलेला माणूस माथ्यावर पोचतो तेव्हा त्याची पाठ कोकणाकडे असते आणि तोंड बाजाराकडे. तो वळून पाहत नसेल असे नाही. पण वळून पाहण्यासाठी तो वर आलेला नसतो.

वळून पाहण्यासाठीच वर जाणे हे इकडे इंग्रजांबरोबर आले. युरोपातही ते फार जुने नाही. इटालियन कवी पेत्रार्क १३३६ मध्ये केवळ माथ्यावरून काय दिसते हे पाहण्याच्या इच्छेने फ्रान्समधल्या व्हाँतू पर्वतावर चढला, ही गोष्ट तिकडे अजून अपूर्वाईने सांगितली जाते. आपल्याकडे साताऱ्याच्या फौजेवरचा अधिकारी लॉडविक १८२४ मध्ये महाबळेश्वरच्या डोंगरावर गेला आणि पाठोपाठ गव्हर्नर माल्कमने तिथे थंड हवेचे ठाणे वसवले. माथेरानला मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने चढला. या मॅलेटचे मधले नाव ‘पॉइंट्झ’ होते, हा निव्वळ योगायोग. पण माथेरानच्या पॉइंटांची संख्या पाहता मला त्याचे नेहमी हसू येते.

गंमत अशी की या दोन्ही ठिकाणी कुणी इंग्रज ‘पहिल्यांदा’ चढला असे आपण लिहितो तेव्हा तो कुणाच्या तरी पायवाटेने चढलेला असतो. महाबळेश्वरचे देऊळ त्याआधीचे होते, देवळाला वाट होती, वाटेला नावे होती. नाके खिंडीचा केट्स पॉइंट झाला, मढीमाळाचे आर्थर सीट झाले. खिंड म्हणजे ओलांडण्याची जागा. सीट म्हणजे बसण्याची. नावाच्या या एका बदलात सगळे आले.

आंबोलीचे नशीब थोडे वेगळे. वेंगुर्ले बंदरातून बेळगावच्या छावणीला रसद नेण्याच्या मार्गावरचे ते मुक्कामाचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीच्या घाटातून गाडीरस्ता झाला आणि पुढे सावंतवाडीचा पॉलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप याने तिथे थंड हवेचे ठिकाण उभे केले. महाबळेश्वरासारखी साहेबांची नावे इथल्या कड्यांना फारशी चिकटली नाहीत. महादेवगडाचे नाव राहिले, फक्त मागे ‘पॉइंट’ लागला. मला तो प्रत्यय नावापेक्षाही बोलका वाटतो. महादेवगड हा सावंतांचा टेहळणीचा किल्ला. आज बांधकाम जवळजवळ काहीच उरलेले नाही. तिथे पहारेकरी उभा राहत असे तेव्हा त्याची नजर सूर्यास्तावर नसे. खालून वर येणाऱ्या वाटेवर असे. कोण येतो, किती बैल आहेत, हत्यारे आहेत का, जकात किती होईल. गडावरून वाट दिसली पाहिजे, ही गडाची पहिली अट. पॉइंटवरून सगळे दिसते, वाट तेवढी दिसत नाही. कारण ती आता कारवीखाली गेली आहे आणि तिला शोधणारेही कुणी नाही.

*

महादेवगडावरून उत्तरेकडे स्वच्छ दिवशी दोन तुटक माथे दिसतात: मनोहरगड आणि मनसंतोषगड. एकाच डोंगराचे दोन तुकडे, मधे खिंड. आग्र्याहून सुटून आल्यावर १६६७ च्या उन्हाळ्यात शिवाजी महाराज महिनाभर मनोहरगडावर राहिले होते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मला मात्र तिथे नेले ते १८४४-४५ च्या गडकऱ्यांच्या बंडाने.

गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या किल्ला राखणारी माणसे. त्याबद्दल त्यांना जमिनी दिलेल्या. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांनी नेमलेला कारभारी दाजी कृष्ण पंडित याने या जमिनींचा कारभार गडांकडून काढून मामलेदारांकडे दिला. गडकऱ्यांना त्यात आपल्या वतनाचा शेवट दिसला. १८४४ मध्ये गडहिंग्लजजवळच्या सामानगडाने दरवाजे लावून घेतले, भुदरगड उठला. बंड घाट उतरून खाली आले. सावंतवाडीचा कारभार इंग्रजांनी १८३८ मध्येच हातात घेतला होता आणि असंतोष होताच. फोंड सावंत तांबुळकर पुढे आले. तांबुळी आमच्या बांद्यापासून जवळच आहे. संस्थानचे युवराज अण्णासाहेबही त्यांना मिळाले. मनोहरगड हे त्यांचे मुख्य ठिकाण बनले. जेम्स आउट्रमच्या हाताखालची फौज दऱ्याखोऱ्यांतून रान तुडवत आली आणि जानेवारी १८४५ मध्ये गड पडला. पण पुढारी सापडले नाहीत. ते रानवाटांनी गोव्यात उतरले, आणि पोर्तुगीजांनी त्यांना इंग्रजांच्या हवाली केले नाही.

हा प्रसंग इतिहासात किल्ल्याच्या लढाईसारखा सांगितला जातो. मला तो वाटांचा वाटतो. किल्ला इंग्रजांनी घेतला, वाटा त्यांना घेता आल्या नाहीत. ज्यांना वाटा माहीत होत्या ते निसटले. म्हणूनच बंड मोडल्यावर मनसंतोषच्या पायऱ्या तोडल्या गेल्या असे सगळीकडे सांगतात, आणि आज त्या माथ्यावर जायला खरोखरच दोर लागतो. पुढच्या काही दशकांत घाटांतून गाडीरस्ते झाले, ते व्यापारासाठी झालेच. पण रस्ता हा वाटेपेक्षा राखायला सोपा असतो, हेही त्यामागे असावे असे माझे मत आहे. रस्त्यावर एक नाका बसवला की पुरते. वाटेवर ते जमत नाही.

मी मनोहरगडावर तीनदा गेलो आहे. शिरशिंग्याकडून वर जाणारी वाट आधी शेतांच्या बांधावरून, मग रानातून, आणि शेवटी उभ्या अंगाने दरवाजाकडे जाते. पहिल्या खेपेला मी गड बघायला गेलो होतो, तेव्हा मला गड दिसला: दरवाजाचे अवशेष, तटबंदी, जोती, विहीर. दुसऱ्या खेपेला त्या ऐंशीच्या गृहस्थांनी सांगितलेल्या खुणा घेऊन गेलो, तेव्हा निम्मा वेळ मी खाली वाकूनच चाललो. खांद्याच्या उंचीचा एक दगड सापडला. तो वरून इतका गुळगुळीत होता की हात फिरवल्यावर क्षणभर काढवेना. सुमारे दीडशे पावलांवर आंब्यांची ओळ सुरू झाली आणि मग तीही तुटली. पुढे कारवी, त्यात दरडीचा ओघळ, आणि वाट नाही. त्यांनी सांगितलेला देव काही मला मिळाला नाही.

माथ्यावर पोचल्यावर मात्र मीही कड्याच्या टोकाशी जाऊन बसलो, हे कबूल करायला हवे. समोर मनसंतोषचा सुटा कडा. खाली रानाच्या घडीतून निघालेली पाण्याची रेघ, तीच पुढे बांद्याला आमच्या पुलाखालून जाते. पश्चिमेला टेकड्यांच्या शेवटी समुद्र, म्हणजे आभाळापेक्षा थोडा उजळ असा एक पट्टा. जन्मभर जी नदी मी पुलावरून पाहिली तिचा उगम असा वरून पाहताना मला जे वाटले, त्याला पॉइंट बघणेच म्हणावे लागेल. तेव्हा पॉइंटवाल्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

*

इथे मी वाचकांना एकदम पृथ्वीच्या माथ्याजवळ नेणार आहे. पण सुरुवात आमच्याच शेजारून करतो. बांद्याहून दोनेक तासांवर, वास्कोच्या हेडलँड सडा या भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. समुद्रात घुसलेल्या जांभ्याच्या सड्यावरची ही संस्था भारताचे आर्क्टिक प्रदेशातले कामही पाहते. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, ७८ अंश ५५ मिनिटे उत्तर अक्षांशावर, नी-ऑलेसुंड नावाची छोटी वस्ती आहे; तिथे जुलै २००८ मध्ये ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधन केंद्र सुरू झाले. त्या द्वीपसमूहातल्या मुख्य बेटाचे नाव स्पिट्सबर्गन. १५९६ मध्ये बारेंट्स या डच दर्यावर्द्याने समुद्रातून दिसलेल्या टोकदार डोंगरांवरून ते दिले. म्हणजे तिथला डोंगर जगाला खालून, गलबतातून दिसला, आणि त्याचे नाव टोकांवरून पडले. आमच्याकडे वाटांवरून.

हिमाद्रीच्या मागे झेपेलिन नावाचा डोंगर आहे. त्याच्या अंगावर ४७४ मीटर उंचीवर हवेची मोजमापे घेणारी वेधशाळा आहे, तिच्यापर्यंत रज्जुमार्ग जातो. खाली खाडी, पलीकडे हिमनद्या. त्या बर्फाचे मोजमाप करणाऱ्यांत आपले शास्त्रज्ञही असतात. दिवाळीच्या सुमारास तिथे सूर्य मावळतो तो थेट फेब्रुवारीत उगवतो. वस्तीबाहेर पाऊल टाकायचे तर पांढऱ्या अस्वलापासून बचावाची तयारी बरोबर हवी. मी तिथे गेलेलो नाही आणि जाण्याची शक्यताही नाही. पण तिथल्या दोन गोष्टी वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

पहिली अशी की गोठलेल्या जमिनीवर उमटलेला माग तिथे पुसला जात नाही. शेवाळ आणि खुरट्या झुडपांची ती जमीन इतक्या हळू भरून येते की एखाद्या गाडीच्या चाकोऱ्या कित्येक दशके तशाच दिसतात. दुसरी गोष्ट कायद्याची. स्वालबार्डमध्ये १९४६ पूर्वीची कोणतीही मानवी खूण आपोआप संरक्षित आहे. त्यासाठी ती सुंदर असण्याची, मोठ्या माणसाची असण्याची गरज नाही. शिकाऱ्याच्या झोपडीच्या कुजक्या फळ्या, खाणीच्या ढकलगाडीचा सांगाडा, काहीही. १९२६ मध्ये आमुंडसेनचे ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज ज्या मनोऱ्याला बांधून उत्तर ध्रुवाकडे निघाले तो मनोरा नी-ऑलेसुंडला अजून उभा आहे, हे ठीकच. पण त्याच्याइतकेच संरक्षण अनामिक कोळसा-कामगाराने टाकून दिलेल्या लोखंडालाही आहे.

जिथे माणूस चारशे वर्षांपूर्वी पोचला आणि खूण आपोआप टिकते, तिथे ती जपण्याचा कायदा आहे. जिथे माणूस हजारो वर्षे चढला-उतरला आणि सात हजार मिलिमीटर पाऊस तीन पावसाळ्यांत वाट पुसून टाकतो, तिथे असा काहीच नियम नाही. आपल्याकडे किल्ला संरक्षित होऊ शकतो, देऊळ होऊ शकते. पण गडावर जाणारी वाट, ओझ्याचा दगड, बाठ्यांच्या आंब्यांची ओळ ही कुठल्या खात्याची? वाट सात-बाऱ्यावर नसते. गावनकाशात तुटक रेघ असली तर असते, आणि तीही नवीन नकाशात गळते.

जमिनीचा प्रश्न तर त्याहून गुंतागुंतीचा आहे. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांची जमीन कबुलायतदार गावकर पद्धतीची, म्हणजे संस्थानाला कबुलायत लिहून देऊन गावाने मिळून कसलेली. पुढे तिच्या कागदांवर शासनाचे नाव लागले आणि ती परत मिळवण्यासाठी या गावांनी वर्षानुवर्षे खेटे घातले. ज्या कड्यांना आपण पॉइंट म्हणतो ते याच गावांच्या अंगणात आहेत. कठडा कुठे, वाहनतळ कुठे, हॉटेल कुठे, हे ठरत असताना कड्यावरचा गावकरी मात्र आपण इथले कायद्याने कोण, हे शोधत तलाठ्याच्या दारात उभा होता.

माणसांचे असे, तर बाकीच्या जिवांचे काय? तिथेही आपल्याला दूरचे दिसते आणि पायाखालचे दिसत नाही. आंबोलीच्या सड्यावरचा एक छोटा भेक २००९ मध्ये शास्त्राला नवीन म्हणून नोंदला गेला. उघड्या कातळावर पहिल्या पावसात साचणाऱ्या बोटभर खोल डबक्यांत तो अंडी घालतो, आणि नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या जातींत त्याची गणना होते. पॉइंटवरची गाडी नेमकी त्याच कातळावर लागते. हिरण्यकेशीच्या उगमापाशी सापडलेल्या छोट्या माशाचे नशीब जरा बरे. २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. हे होऊ शकले, कारण कुणीतरी वाकून पाण्यात पाहिले.

*

गेल्या काही वर्षांत मी एक वही केली आहे. तिच्यात शिरशिंगे, शिवापूर, पारपोली, दाणोली या बाजूंच्या वाटांची नावे, खुणा, पाण्याच्या जागा आणि शेवटचे कोण कधी चालले ते लिहून ठेवतो. हे काम मी शिकून केलेले नाही. नकाशे वाचायलाही उशिराच शिकलो. सुरुवातीला मी लोकांना ‘वाट कुठून जाते’ असे विचारत असे आणि उत्तरे मोघम येत. मग एका बाईंनी मला सुधारले. त्या म्हणाल्या, वाट विचारू नको, दम खंय खाल्लो ता विचार. तेव्हापासून उत्तरे नेमकी येऊ लागली. दमाच्या जागा कुणीच विसरत नाही. कुणाला तिथला वारा आठवतो, कुणाला तिथे सोडलेली भाकरी, एका आजींना तिथेच भरलेले पोटातले दिवस.

त्या ऐंशीच्या गृहस्थांकडे मी तिसऱ्या खेपेनंतर पुन्हा गेलो. देव सापडला नाही असे सांगितले. त्यांनी बराच वेळ विचार केला. ओढा डावीकडे ठेवलास की उजवीकडे, असे विचारले. मी उजवीकडे म्हणालो. “मगे तू वरसून येय होतंस,” ते म्हणाले. म्हणजे मी चढतानाची खूण उतरताना शोधत होतो. चढणाऱ्याला जो दगड समोर येतो तो उतरणाऱ्याच्या पाठीमागे जातो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

यंदा भात झोडून झाले की खालून जायचे ठरले आहे. त्यांचा नातू बरोबर येतो म्हणाला आहे. कोयता त्याचा, वही माझी.